टेलपासून मोजणारे आबा

समितीच्या अध्यक्षांनी आबांना फसवलं, आणि फसवायला माझं तोंड वापरलं. मेंढरांना लस टोचायचा मेळावा ज्या दिवशी व्हायला हवा होता त्या दिवशी त्यांनी होऊ दिला नाही. वर, मेंढपाळांनीच तारीख पुढं मागितली, हे खोटं माझ्याकरवी आबांच्या कानात घातलं. हे मी आधीच लिहून टाकतो. कारण आबांबद्दल सांगायला लागलो की माझा राग निवतो, आणि हा राग मला निवू द्यायचा नाही.

मी मंडपवाला. मूळचा पिंपळीचा. आमच्या घरी मेंढरं होती. वडिलांनी ती मोडली तेव्हा मी बारामतीत एकाकडं बांबू उचलायला लागलो. नव्वदच्या आसपास माझे स्वतःचे बांबू, स्वतःचं कापड आणि एक जुना टेम्पो झाला. हे मला कुणी दिलं नाही. गिऱ्हाईक भाव पाडून बोललं की मी उठून चपला घालायचो; दारापर्यंत पोचेस्तोवर ते हाक मारायचंच. माझ्याशी भाव करताना चांगल्या चांगल्या माणसांना घाम फुटला आहे. आबांना फुटला नाही, कारण ते भावाचं बोलायचेच नाहीत. ते भलतंच काहीतरी विचारायचे.

आबा कॅनॉलवरचे. सगळी नोकरी त्यांनी बारामती-इंदापूरच्या कालव्यावर काढली आणि निवृत्त झाल्यावर जळोचीला तीन खोल्या बांधून राहिले. कालव्याच्या ज्या टोकाला सगळ्यात शेवटी पाणी पोचतं त्याला आमच्याकडं टेल म्हणतात. वरच्या अंगाची शेतं आधी भिजतात आणि टेलची माणसं बांधावर वाट बघत बसतात, ही जगाची रीत. आबांनी आपल्या हद्दीत ती उलटी केली होती. पाणी सुटलं की सायकल मारत ते थेट टेलला जाऊन बसायचे आणि तिथलं शेवटचं शेत भिजल्याशिवाय वरची दारं उघडू द्यायचे नाहीत. त्यापायी दोनदा त्यांची बदली झाली. एकदा तर वरच्या अंगाच्या दोघा भावांनी त्यांना सायकलसकट पाटात ढकललं. आबा ओल्या कपड्यानं बाहेर आले आणि म्हणाले, "बरं झालं, पाणी किती खोल हाय ते कळलं." आणि तसेच टेलला गेले.

निवृत्तीनंतर लोक त्यांना कार्यक्रम ठरवायला बोलवायचे. लग्न, शाळेचं बक्षीस, कुस्त्या, काहीही. बोलवायचे आणि पहिल्या तासात पस्तावायचे.

तालमीच्या पोरांनी कुस्त्या ठरवल्या तेव्हाची बैठक मला आठवते. मी मंडपाचा भाव ठरवायला गेलो होतो. चहा आला. आबांनी आपला कप पुढ्यात ठेवला, हात लावला नाही आणि विचारलं, "काय व्हायला पायजे?"

"कुस्त्या व्हायला पायजेत, आबा," एक पोरगा म्हणाला.

"कुस्त्या व्हतील की. माती हाय, पैलवान हायती. तुमी झोपून ऱ्हायला तरी व्हतील. त्येच्यामुळं काय व्हणार?"

"गावाचं नाव व्हईल."

"कुठं?"

"सगळीकडं."

"सगळीकडं म्हंजे कुठं रं? इंदापूरला का दिल्लीला?"

पोरं हसली. आबा हसले नाहीत. कप तसाच. दुसरा म्हणाला, कार्यक्रम भव्य झाला पाहिजे. आबांनी त्याच्याकडं वळून अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "भव्य म्हंजे किती फूट?" हा शब्द त्यांना अजिबात चालायचा नाही. हँडबिलाचा कच्चा कागद हातात आला की आधी ते भव्यवर काट मारायचे, मग दिव्यवर, मग बाकीचं वाचायचे.

चहा तीनदा परत जाऊन गरम होऊन आला. आबांची ती अटच असायची, कार्यक्रमानं काय होणार हे एका वाक्यात कुणी सांगितल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. मी मनात शिव्या घालत होतो, कारण मला त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. शेवटी कोपऱ्यात बसलेले म्हातारे वस्ताद म्हणाले, "आबा, खरं सांगू का? ह्या तालमीत कधीकाळी तीस पोरं हुती. आता सा हायत. कुस्त्या बघून आणखी धा पोरं लंगोट घिऊन आली, तर मी सुखानं डोळं मिटीन."

आबांनी कप उचलला, वर आलेली साय बोटानं बाजूला केली आणि गार चहा एका दमात प्याले. "हां," म्हणाले, "आता ठरवा."

आणि मग ते ठरवायला लागले की बघत राहावं. मोठ्या पैलवानांची कुस्ती सगळे शेवटी ठेवतात. तोवर लहान पोरांच्या कुस्त्या रिकाम्या मैदानात उरकतात. आबांनी लहान पोरांच्या कुस्त्या ऐन गर्दीत, मोठ्या दोन कुस्त्यांच्या मधे घातल्या. प्रत्येकाचं नाव बापाच्या नावासकट भोंग्यावरून पुकारायचं. बघायला आलेल्या सहावी-सातवीच्या पोरांना आखाड्याच्या कडेला, मातीला हात लागेल इतकं जवळ बसवायचं. माझ्या मंडपाला त्यांनी निम्म्यावर आणलं. मी भांडलो. "अरं," ते म्हणाले, "सावलीत बसून का कुणी पैलवान झालाय?" महिनाभरानं वस्तादांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, चौदा आली. त्यातली तीन पुढं टिकली नाहीत, पण आली चौदा.

पुढं मी त्यांना घाबरायला लागलो. कामाला नव्हे, त्यांच्या नजरेला. एका शाळेच्या बक्षीस समारंभाला मी खड्डे घेऊन, खांब उभे करून बसलो होतो. आदल्या दिवशीची दुपार. आबा आले आणि दिसेनासे झाले. बघतो तर मैदानाच्या पार टोकाला घडीचं स्टूल टाकून बसलेले. ऊन मी म्हणत होतं. जवळ गेलो.

"बस हितं," म्हणाले. स्वतः उठले आणि मला बसवलं. "काय दिसतंय?"

ऊन नेमकं डोळ्यांत येत होतं. "काय न्हाय दिसत, आबा."

"उद्या याच टायमाला हितं आया बसणार. पुढं पाहुणं, मास्तर, पोरं, आन् मागं आया. लेकराला बक्षीस मिळताना आईला दिसलंच न्हाय, तर बक्षीस देतोय कशाला आपण? घरी न्हेऊन दिलं असतं."

"आबा, खड्डं घेतल्यात. पंचवीस खड्डं."

"बुजीव."

मी बोलायचं ते बोललो. मंडप फिरवायला माझी माणसं नाहीत, तुम्हाला काय जातंय, वगैरे. आबांनी कोट काढून स्टुलावर ठेवला, पहार उचलली आणि स्वतः खड्डा घ्यायला लागले. सत्तरीकडं झुकलेला माणूस. मग माझ्या माणसांना तरी काय वाटणार? संध्याकाळच्या आत मंडप फिरला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागं उभा राहिलो, चूक काढायला. शेवटच्या रांगेत एक बाई होती, बहुतेक कळंबकडून कुणाच्या शेतात कामाला आलेली. पोराचं नाव पुकारल्याबरोबर ती उठून उभी राहिली आणि पोरगा व्यासपीठावरून उतरेपर्यंत तशीच उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नाही. मी चूक काढायची विसरलो.

लग्नांत तर त्यांचा हट्ट असा, की पहिली पंगत वाजंत्र्यांची आणि गाड्यांच्या ड्रायव्हरांची. पाहुणे रुसायचे. एका वरबापानं तोंडावर विचारलं, "आबा, आमी मोठं का ती मोठी?" आबा म्हणाले, "तुमीच मोठं. म्हणून तर तुमी थांबू शकता. उपाशी पिपाणीवाला थांबू शकत न्हाय, त्यो सूर सोडतोय." त्या लग्नात अक्षता ठरल्या मिनिटाला पडल्या आणि एकही गाडी ड्रायव्हर सापडत नाही म्हणून अडली नाही.

कुठल्याही कामात त्यांचा दुसरा प्रश्न हाच, "ह्यात टेल कोण?" म्हणजे ज्याच्यापर्यंत पोचायचं राहून जातं तो माणूस कोण. तो सापडला की ते तिथून उलटं मोजत यायचे. हे ऐकायला सोपं आहे. मी त्यांच्याबरोबर सात-आठ वर्षं काढली, तरी दहातल्या सहा वेळा टेल कोण ते मला चुकायचं.

आता मेळाव्याचं.

आमच्या भागातली मेंढरं दिवाळी झाली की कोकणात उतरतात. बारामती-इंदापूरकडचे कळप भोरच्या अंगानं घाटाकडं सरकतात. घाटाच्या तोंडाशी चहूकडची मेंढरं एका पाणवठ्यावर येतात, आणि मेंढरांची देवी तिथं पसरते. अंगावर फोड येतात, जनावर खायचं सोडतं, कळपच्या कळप बसतात. आदल्या वर्षी कळंबच्या तीन घरांची मेंढरं अशी गेली होती. म्हणून एक समिती झाली आणि मेळावा ठरला: आधी लस, मग भाषणं. समितीचे अध्यक्ष आमच्या भागातलेच एक पुढारी. त्यांचं नाव लिहीत नाही. वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

आबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. अध्यक्ष हुशार, त्यांना चहा गार होऊ द्यायचा नव्हता. ते लगेच म्हणाले, "एकबी मेंढरू लस टोचल्याबिगार घाट उतरू नये." आबा इतके खूश झाले की त्यांनी हे वाक्य घरी जाऊन ओसरीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं.

"ह्यात टेल कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "सगळ्यात मागनं निघतो त्यो."

"न्हाय. सगळ्यात आधी निघतो त्यो. त्योच हातातनं निसटणार. मागची काय, गावतीलच."

सगळ्यात आधी निघायचा म्हस्कू, कळंबचा. त्याचं चरायचं रान कोकणात सगळ्यात लांब, म्हणून. आबा एसटीनं कळंबला गेले, मी बरोबर होतो. म्हस्कूच्या तळावर जमिनीवर बसून त्यांनी खडे गोळा केले.

"कवा हालणार, म्हस्कूराव?"

"भाऊबीज झाली की दुसऱ्या दिशी. भनीनं ओवाळल्याबिगार मी हालत न्हाय."

"घाटाच्या तोंडाशी कितव्या मुक्कामाला?"

"बाराव्या. लई झालं तर तेराव्या."

गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लस अंगात भिनायला वीस दिवस धरा. आबांनी एक मोठा खडा घाट म्हणून ठेवला आणि तिथून उलटे वीस खडे मांडत आले. विसावा खडा ऐन दिवाळीच्या तोंडावर पडला. "ह्या आठवड्यात बायका फराळात आन् बापय बाजारात. कुणी येणार न्हाय," म्हणून ते आणखी मागं सरकले. कोजागिरीनंतरचा तिसरा दिवस. तिथं थांबले. "ह्या दिशी ह्याच माळावर यायचं, समदी मेंढरं घिऊन. ईल का?"

"आबा, तुमी म्हणताय तर यीन. पण नक्की ना? माझी एकशे चाळीस जनावरं हायती. चरणीचा दीस मोडतोय."

"नक्की."

मी आयुष्यात पुष्कळ तारखा ठरवलेल्या पाहिल्या. मुहूर्त बघून, पाहुणा बघून, हॉल मोकळा बघून. जमिनीवर बसून, मेंढराच्या चालीनं मोजून काढलेली तारीख मी ती एकच पाहिली. ती तारीख बदलता येण्यासारखी नव्हतीच. हे कुणालाही दिसलं असतं.

मग दोन गोष्टी झाल्या. आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन आठवडे उन्हाधुळीत जायला बंदी केली. आणि अध्यक्षांना मुंबईचा एक मोठा पाहुणा मिळाला, ज्याला दिवाळीआधी सवड नव्हती. अध्यक्षांनी निरोप पाठवला, यंदा पाऊस लांबलाय, हितंच चारा हाय, मेंढपाळच म्हणतायत आमी देवदिवाळीपर्यंत हालत न्हाय, तर मेळावा भाऊबीजेनंतर आठव्या दिवशी घेऊ.

आबांचा विश्वास बसेना. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते खाटेवर बसले होते. मला म्हणाले, "तू कळंबला जा. म्हस्कूला इचार. त्येच्याच तोंडानं ऐक, दुसऱ्या कुणाच्या न्हाय."

मी निघालो. बारामतीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो, तेवढ्यात अध्यक्षांची जीप येऊन थांबली.

"कुठं रं?"

"कळंबला. म्हस्कूकडं."

"आरं मी आत्ता तिकडनंच आलो की! म्हस्कूच म्हणाला, चारा हाय तवर थांबतो. कशाला एसटीत अंग मोडून घेतूस? बस गाडीत, मंडपाचं बोलू."

मी बसलो. जीपमधे आम्ही मंडपाचं बोललो. मोठा पाहुणा, म्हणजे मोठा मंडप. मी माझ्या धंद्यात कधी मिळाला नव्हता असा भाव ओढून घेतला आणि मनात म्हणालो, आज जिंकलो. संध्याकाळी आबांकडं गेलो. "म्हस्कू थांबतोय म्हणतो."

"त्येच्या तोंडानं ऐकलंस?"

मी म्हणालो, "व्हय."

त्या एका शब्दावर आबांनी तारीख सोडली.

मेळाव्याला कळंबच्या त्या माळावर माझा मंडप खरोखरच देखणा झाला होता. झालर, कमान, पाहुण्यांसाठी गाद्यांच्या खुर्च्या. ट्रॉल्या भरभरून माणसं आली, पांढऱ्या टोप्याच टोप्या. मेंढरं म्हणाल तर जळोचीच्या एकाची तीस, धुऊन, पाठीवर गुलाल लावून व्यासपीठाजवळ बांधलेली. पाहुण्यांनी त्यांतल्या एकाच्या पाठीवरून हात फिरवला, फोटो निघाले, डॉक्टरांनी तीस सुया टोचल्या.

आबा काळा चष्मा लावून शेवटच्या रांगेत बसले होते. थोड्या वेळानं उठून माझ्याकडं आले. "एकाबी खांद्यावर घोंगडं दिसत न्हाय मला. का माझ्या डोळ्याचा दोष हाय?"

मी मंडपभर बघितलं. दोष डोळ्याचा नव्हता.

मंडपाच्या बाहेर, दोरीपलीकडं एक म्हातारी उभी होती. म्हस्कूची आई. कार्यक्रम म्हणजे काय ते बघायला आली होती. आबा तिच्यापाशी गेले. "म्हस्कू कुठं, आये?"

"म्हस्कू? त्यो गेला की भाऊबीजंच्या दुसऱ्या दिशी." मग तिनं माळाकडं हात केला. "त्या आदी, तुमी सांगितल्याल्या दिशी आला हुता समदी मेंढरं घिऊन. हितंच. दुपार कलंपतोर हुबा हुता. कोन बी न्हाय. मला म्हणला, आये, शेरातली मान्सं इसरली जनू."

आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते पाहतील म्हणून मी उभा होतो, पण त्यांनी पाहिलं नाही. म्हणाले, "टेम्पोत काय हाय?"

"खुर्च्या."

"उतरीव."

डॉक्टर व्यासपीठाच्या पायरीशी उभे होते. आबांनी त्यांची बाही धरली. "लस किती उरली?"

"जवळजवळ सगळीच. बर्फात आहे."

"चला."

"आबा, पाहुण्यांचं भाषण चालू आहे."

"चालू द्या की. त्यांचं चालू हाय, आपलं अजून सुरूच झालं न्हाय."

लसीचे डबे टेम्पोत चढवताना अध्यक्ष धावत खाली आले. चेहऱ्यावर हसू, दात आवळलेले. "आबा, कुठं निघाला? आभार तुमचं हायत!"

"घाटावरनं आल्यावर मानतो," आबा म्हणाले आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

पुढचे चार दिवस आम्ही त्या रस्त्यावर होतो. मोरगाव मागं टाकलं, मग भोरच्या अंगाला लागलो. आबा बोटांवर मोजत होते: कोण कधी निघालं असेल, आज कितव्या मुक्कामावर असेल. सांगतील त्या वळणावर कळप दिसायचा. एकदा नाही, पाच वेळा. डॉक्टर माझ्याकडं बघायचे, मी डॉक्टरांकडं. गावोगाव बर्फ मिळवायचा, डबे भरायचे, पुढं जायचं. प्रत्येक कळपात आबा आधी लंगडणारं, मागं राहणारं मेंढरू धरायला लावायचे. "ह्येला टोचलं की कळप झाला म्हणायचा."

पण आता नुसतं टोचून भागणार नव्हतं. वीस दिवस घाटाच्या अलीकडंच थांबायला हवं होतं. मेंढपाळ म्हणाले, "थांबतो, पण खाऊ काय? आन् मेंढरं काय खातील?" भिंतीवर लिहिलेलं वाक्य खोटं पडायला आलं होतं, तरी आबांनी ते टाकलं नाही. फक्त त्याला वीस दिवसांचा टेकू कुठून लावायचा, एवढंच बघत राहिले. मग मला म्हणाले, "आता तू बोल. मला भाव करता येत न्हाय."

आमच्याकडं शेतात मेंढरं बसवतात. लेंडीखतासाठी शेतकरी कळपाला शेतात मुक्कामाला ठेवतो आणि मेंढपाळाला धान्य देतो. एक-दोन रात्रींचा व्यवहार असतो. मी एकेका गावात वीस-वीस दिवसांचा केला. ह्याच्या शेतातून त्याच्या शेतात, चारा कुणाचा, ज्वारी कुणाची, पाणी कुणाच्या विहिरीचं. ओरडलो, उठून चपला घातल्या, दारातून परत फिरलो. बोलणी करताना आबा बांधावर बसून ऐकायचे आणि व्यवहार जुळला की एवढंच म्हणायचे, "हां." माझ्या सगळ्या धंद्यात मला कुणी असं हां म्हटलेलं नाही. नऊ कळप थांबले. नऊच्या नऊ वीस दिवसांनी घाट उतरले आणि ज्येष्ठात परत आले.

म्हस्कू सापडला नाही. मुक्काम गाळत तो झपाट्यानं गेला होता. घाटाच्या तोंडाशी चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं, कालच उतरला. आबा कड्याशी जाऊन खाली बघत राहिले. एका डोळ्यानं त्यांना किती दिसत होतं कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, आता गाठून टोचली तरी उपयोग नाही, कळप पाणवठ्यावरून गेलाय.

तिथं आबांनी मला विचारलं, "तू म्हस्कूला भेटला हुतास का?"

"न्हाय, आबा. अध्यक्ष म्हणाले, त्येच मी सांगितलं."

त्यांनी मान हलवली. टेम्पो परत फिरवायला सांगितला. त्या चार दिवसांच्या धुळीनंतर त्यांचा उजवा डोळा पुन्हा चालला नाही.

म्हस्कू ज्येष्ठात आला तो अकरा मेंढरं आणि कुत्रं घेऊन. अकरा मेंढरांचा कळप होत नाही. त्यानं ती विकली आणि एका द्राक्षबागेवर राखणीला लागला. मी त्याच्या दारात गेलो आणि झालं ते सगळं सांगितलं, माझं व्हय धरून. त्याच्या आईनं विचारलं, "मग आमीच फुडली तारीख मागितली म्हून सांगणारा त्यो कोन? आमचं नाव कुनी घेतलं?"

पुढच्या वर्षी पुन्हा मेळावा ठरला, ह्या वेळी आबांनी समितीला बाजूला ठेवून स्वतः ठरवला. तारीख नक्की करायला कळंबच्या मेंढपाळांकडं कुणीतरी जायला हवं होतं. मला वाटलं, आता मला पाठवणार नाहीत. त्यांनी मलाच पाठवलं. तेच शब्द, "त्येंच्याच तोंडानं ऐक." मी वीस घरं पायी फिरलो. हा माणूस काय होता हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. मला ज्यानं एकदा फसवलं असतं, त्याला मी जन्मात दुसरं काम दिलं नसतं.

दशक संपता संपता आबा गेले. शोकसभेला अध्यक्ष अध्यक्षस्थानीच होते. त्यांनी सांगितलं, मेंढपाळ बांधवांच्या आग्रहाखातर त्या वर्षी मेळाव्याची तारीख बदलावी लागली, आणि मग समितीनं आबांच्या साथीनं थेट घाटापर्यंत लसीची मोहीम नेली. लोकांनी माना डोलावल्या. मी उठलो. शेजारच्यानं माझा सदरा ओढला, "शोकसभा हाय, बस खाली." मी बसलो. मंडपाच्या बाहेर म्हस्कू उभा होता, त्यानं ते सगळं ऐकलं, आणि त्याची आई त्याच्या शेजारी होती.

अध्यक्षसाहेब, माझ्या खोट्याचं उत्तर मी आबांना घाटाच्या तोंडाशी दिलं आणि म्हस्कूच्या दारात जाऊन दिलं. तुमचं राहिलं आहे. म्हातारीनं विचारलेल्या प्रश्नाला मला काय सांगायचं ते कळलं नाही, कारण ते फक्त तुम्हाला माहीत आहे. ती अजून आहे, तिला अजून ऐकू येतं. तारीख पुढं मागणारा मेंढपाळ कोण होता? एकाचं तरी नाव घ्या, आणि कळंबला जाऊन तिच्यासमोर घ्या.